तुलारामला समुद्र समजावून सांगताना

सानगडी,
१४ जून १९७५

प्रिय चंद्रकांता,

चार दिवसांत हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं. तुझी आई आज म्हणाली, "शाळा तं बंद आहे, मग एवढं काय लिहून राहिले?" मी म्हटलं, चंद्रकांताला. ती माझ्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. इकडे सगळं ठीक आहे. बांधीत धानाचे पऱ्हे टाकायची तयारी चालली आहे. आभाळ रोज भरून येतं आणि तसंच निघून जातं. आईचा गुडघा बरा आहे. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांच्या छपरावर नवी कवेलू घातली, त्या गडबडीत नकाशांची पेटी उघड्यावर पडली होती, ती मी घरी आणून ठेवली. तुझ्या फॅक्टरीच्या ऑफिसात उन्हाचा त्रास होत असेल. टाइप करताना खिडकीकडे पाठ करून बसत जा, डोळे कमी दुखतील.

परवा साकोलीच्या स्टँडवर पेपर घेतला. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती: सुएझ कालवा पाच तारखेपासून जहाजांना पुन्हा खुला झाला. आठ वर्षांनी. मी ती बातमी बसमध्ये इतक्या वेळा वाचली की शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "गुरुजी, कोणी गेलं का घरचं?" मी नाही म्हटलं. तुला आठवत असेल, सदुसष्ट साली लढाई होऊन कालवा बंद पडला तेव्हा मी फळ्यावर आफ्रिका काढून दाखवली होती. आता मुंबईहून विलायतेला जाणारं जहाज या एवढ्या खंडाला वळसा घालून जाईल, साडेचार हजार मैल जास्त, असं मी सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरून सुखरामनं हात वर केला आणि विचारलं, "गुरुजी, मग वाटेत प्यायचं पाणी कुठून घेतात?" मुली हसल्या. तूही हसलीस. मी मात्र हसलो नाही, कारण तोवरच्या नोकरीत इतका बरोबर प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो तुलाराम ढिवराचा एकुलता एक मुलगा, तलावाच्या पाळीवर, बांधाला लागून राहणारा, शिंगाड्याच्या वेलीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वाढलेला. समुद्र खारा असतो हे त्याला पुस्तकातून कळलं आणि त्यानं लगेच तहानेचा विचार केला.

पुढचं तुला ठाऊक आहे. तरी मी क्रमानं लिहितो. क्रम सोडला की मी सोयीचं तेवढं सांगतो, अशी मला सवय लागली आहे. एकोणसत्तर साली सुखराम मॅट्रिक झाला, विशाखापट्टणमला खलाशांच्या शिक्षणाला गेला आणि तिथून जहाजावर लागला. पाच वर्षांत दोनदा गावी आला, दोन्ही वेळा तू भंडाऱ्याला कॉलेजात होतीस. मागच्या वर्षी जुलैत त्याचं जहाज मार्मागोव्याहून लोखंडाची माती भरून युरोपाकडे निघालं. कालवा बंदच होता. ऑगस्टच्या मध्यात डर्बन सोडून ते खाली दक्षिणेला जात असताना रात्री एक बिनतारी संदेश आला, हवा खराब आहे म्हणून. त्यानंतर काहीच आलं नाही. कंपनीचं पत्र सप्टेंबरात माझ्या नावानं आलं, कारण त्यानं घरचा पत्ता म्हणून शाळेचाच पत्ता दिला होता. ते इंग्रजी पत्र हातात घेऊन मी तलावाच्या पाळीवर गेलो. तुलाराम जाळं विणत होता, सुखरामची आई रेवताबाई चुलीशी होती. जहाज बेपत्ता आहे, शोध चालू आहे, एवढं मी मराठीत सांगितलं. रेवताबाई म्हणाली, "बेपत्ता म्हंजे बुडला असंच नाई नं, गुरुजी?" मी म्हटलं, असंच नाही.

त्या दिवसापासून तुलाराम जवळजवळ रोज आपल्याकडे येतो. सकाळची मासळी विकून झाली की रिकामी टोपली दाराशी ठेवतो आणि ओसरीच्या खाली बसतो. वर ये म्हटलं तरी येत नाही. रडत नाही, कुणाला दोष देत नाही. मला समुद्र विचारतो. चाळीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस आहे, त्याचे प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायासारखे नाहीत. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "गुरुजी, आमच्या तलावात बुडला त तिसऱ्या दिसी वरतं येते. समुद्रात किती दिस लागते?" मी सांगितलं, खोल पाण्यात तळाशी फार गार असतं, तिथं तसं होत नाही. "किती खोल?" समुद्राची सरासरी खोली बारा हजार फूट, हे मी हजारदा शिकवलं आहे. त्या दिवशी तो आकडा माझ्या तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, इथून एकोडीच्या वाटेला लागलास आणि सव्वादोन मैल चाललास, तर जेवढं अंतर होईल तेवढं खाली. त्यानं वाटेकडे पाहिलं. मग पायाखालच्या मातीकडे पाहिलं. 

दुसऱ्या खेपेला त्याला किनारा हवा होता. "पानी कोनीकडं वाहते ते सांगा. वाहत्या पान्यात गेलेलं कुठी तरी लागतेच." मी पेटीतून जगाचा नकाशा काढला आणि ओसरीवर अंथरला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं खाली येणारा उष्ण पाण्याचा अगुल्हास प्रवाह त्याला बोटानं दाखवला. दक्षिणेकडून वादळाच्या मोठ्या लाटा वर येतात आणि हा प्रवाह खाली धावतो, दोघांची समोरासमोर गाठ पडते आणि लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात, हे सांगितलं. त्यानं लगेच मान हलवली. "उलटा वारा असला की आमचा डोंगा बी असाच नाचते." मग विचारलं, "मंग ते पानी पुढं कुठी जाते?" खरं ते सांगितलं. आफ्रिकेच्या टोकाशी त्यातलं बरंच पाणी मागं वळतं, पश्चिमी वाऱ्यांबरोबर ऑस्ट्रेलियाकडे जातं, तिथून वर, तिथून पुन्हा पश्चिमेला आणि परत आफ्रिकेशी. तुलारामचं बोट माझ्या बोटामागून नकाशावर गोल फिरलं आणि निघाल्या जागी येऊन थांबलं. "म्हंजे फिरूनशान तिथंच?" मी म्हटलं, हो. "अन्‌ मंधात पार नाई कुठी?" मधे काठ नाही, बेटं आहेत, फार लहान. तो म्हणाला, "असू दे गुरुजी, लहान बी चालते." चंद्रकांता, मी त्या निळ्या कागदावर त्याला ठिपक्याएवढी बेटं शोधून दाखवत होतो, आणि तो प्रत्येकाचं नाव विचारत होता. तिथं माणसं राहतात का, हेही विचारत होता. मी नाव सांगितलं की ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहायचा. मला थांबवायला हवं होतं. थांबवून काय सांगणार होतो?

जानेवारीत कंपनीनं मुंबईला बोलावलं. कागदावर अंगठा हवा होता, मुलगा मेला असं आम्ही धरून चालतो अशा अर्थाचा तो कागद होता. मी सोबत गेलो. तुला तेव्हा एवढंच कळवलं होतं की कामासाठी चार दिवस बाहेर आहे. भंडारा रोडला गाडीत बसलो तेव्हापासून तुलाराम खिडकीशी होता. गाडी पुलावर आली की तो वाकून नदी पाही, आणि विचारी, "हे बी समुद्रातच जाते?" वैनगंगेचं पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातं आणि आपण निघालोय पश्चिमेच्या समुद्राला, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग समुद्र दोन हायेत?" नाही, मी म्हटलं, नावं वेगळी, पाणी सगळं एकच, कुठंही तुटलेलं नाही. हे ऐकून त्याला बरं वाटलेलं दिसलं. का ते मला दुसऱ्या दिवशी समजलं.

ऑफिसातला साहेब वाईट नव्हता. त्यानं तुलारामला खुर्ची दिली, चहा मागवला, भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीनं एक खूण केली होती ती दाखवली. इथपर्यंत संदेश आला, म्हणाला. तुलारामनं मला हळूच म्हटलं, "ठिकान मालूम हाये, तं जाऊन पाहता नाई येत का?" मी ते साहेबाला सांगितलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे.  मग कागद पुढं आला, शाईची पेटी उघडली. तुलारामनं अंगठा मुठीत धरला. "मी डोळ्यानं पाह्यलो नाई. न पाहता कसा देऊ?" साहेब म्हणाला, घाई नाही, घेऊन जा. तो कागद माझ्याकडे आहे.

तिथून आम्ही माहीमला किनाऱ्यावर गेलो. बेटा, मी बावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं समुद्रबूड जमीन आणि खंडान्त उतार आणि सागरी गर्ता शिकवल्या, आणि समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. माझ्या मनात होतं की पाहिल्याबरोबर ओळख पटेल. काही पटलं नाही. नुसतं पाणी होतं आणि त्याला पलीकडची बाजू नव्हती. मी शिकवलेलं सगळं त्याच्या खाली कुठेतरी असणार, वरून त्यातलं काही दिसत नव्हतं. तुलाराम पुढं गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडात टाकलं. थुंकला नाही. गिळलं. मागं वळून मला म्हणाला, "एवढं खारट? पोरगा कसा राह्यला असंन याच्यात?" मग तिथंच वाळूवर बसला.

आम्ही बसलो तेव्हा ओहोटी लागलेली होती, हे मला आधी कळलंही नाही. तासाभरात पाणी मागं सरलं, काळा खडक आणि चिखल उघडा पडला, कलंडलेली एक होडी दिसू लागली. तुलाराम उठून उभा राहिला. "गुरुजी, पानी आटून रायलं!" मी म्हटलं, आटत नाही रे, चंद्राच्या ओढीनं सरतं, याला ओहोटी म्हणतात. त्यानं ऐकलं नाही. उन्हाळ्यात आपला तलाव आटला की ढिवर लोक चिखलात उतरतात, तुला माहीत आहे. वर्षभरात पाण्यात पडलेलं तेव्हा सापडतं. भांडी सापडतात, डोंग्याचं वल्हं सापडतं, एका वर्षी पाळीवरच्या रुखमाची चांदीची पाटली सापडली होती. तुलारामनं धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरला. एकेक पाऊल टाकून, टाचेनं चाचपत, मग बोटांनी चाचपत, तो पुढं पुढं गेला. मध्येच वाके, हात कोपरापर्यंत घाली, काहीतरी बाहेर काढी. शिंपलं असे, दोराचा तुकडा असे. ते बाजूला टाकून पुन्हा चालू लागे. पाणी सगळं एकच आहे असं मी गाडीत सांगितलं होतं.

मी काठावर उभा होतो. त्याला हाक मारायला हवी होती. सांगायला हवं होतं की तुलाराम, तुझा मुलगा इथून हजारो मैलांवर आहे, तिथला तळ कधीच उघडा पडत नाही, चंद्र कितीही ओढो.  मी फक्त पाहत राहिलो. शेवटी एका म्हाताऱ्या कोळ्यानं वरून ओरडून सांगितलं, "ओ, परत फिरा, भरती लागली!" तुलारामला ते कळलं नाही. पाणी आलं तेसुद्धा आवाज न करता आलं, त्याच्या मागून वळसा घालून. गुडघ्याला लागलं तरी तो वाकलेलाच. तेव्हा मी जोड्यांसकट आत धावलो आणि त्याचा दंड धरून ओढलं. तो म्हणाला, "थोडं राह्यलं होतं गुरुजी, तेवढं पाहू द्या." मी त्याला ओढत बाहेर आणलं. तो कोळी जवळ आला, त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. आपल्या खांद्यावरचा पंचा तुलारामच्या हातात दिला आणि पाय पूस म्हणाला.

परत येताना गाडीत तुलाराम पुन्हा खिडकीशी बसला. वर्ध्याच्या अलीकडे कुठेतरी त्यानं माझा हात हातात घेतला. असा त्यानं कधी घेतला नव्हता. म्हणाला, "गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू? आमी एका तलावात जिंदगी काढली. तुमी होते म्हणून माह्या पोरानं एवढं पानी पाह्यलं." मी हात सोडवून घेतला आणि डब्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. नागपूर येईपर्यंत आत आलो नाही.

आता जे क्रमात मी नेहमी वगळतो ते लिहितो.

सुखरामची पत्रं मला यायची. मायबापाला वाचता येत नाही म्हणून पाळीवर बसून मीच मोठ्यानं वाचायचो. कोलंबो, एडन, मोंबासा. लाल समुद्र लाल नाही, गुरुजी. इथं पाणी इतकं खारं की अंगावर वाळलं की मीठ उरतं. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की भर समुद्रात पाण्याचा रंग काळा दिसतो तेव्हा त्याला तुझी आणि त्याची ती मातीची प्रतिकृती आठवते. अडुसष्टच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी तुम्ही दोघांनी तलावाची माती आणून समुद्राचा तळ केला होता. काठाशी उथळ समुद्रबूड जमीन, मग एकदम उतार, मग सपाट मैदान, आणि एका कोपऱ्यात गर्ता. तिला काळा रंग दिला होता. हे वाक्य मी पाळीवर वाचताना तुझं नाव गाळलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं, घरी सगळ्यांना नमस्कार. एकदा रेवताबाईनं बोटं मोजली. "आमी दोघं झालो, तुमी झाले, बाई झाल्या. आखीन कोन?" मी म्हटलं, शेजारीपाजारी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोटं मिटली. शेवटचं पत्र मार्मागोव्याहून आलेलं, जुलैतलं. त्यात एक ओळ आहे: "तुम्हाला दिलेला शब्द मी पाच वर्षं पाळला आहे, आता पुढच्या खेपेला येईन तेव्हा तुमच्याशी बोलायचं आहे." रेवताबाई अजूनही महिन्यातून एकदा ते पत्र वाचायला सांगते. मी वाचतो. ती ओळ सोडून पुढं जातो. ऐकून ऐकून तिला सगळं पत्र पाठ झालं आहे, त्या एका ओळीशिवाय.

तो शब्द मी घेतला होता. तुम्ही दोघं प्रतिकृती करत होता त्या दुपारी मी नकाशांच्या खोलीच्या खिडकीशी होतो. तुमचं लक्ष नव्हतं. सुखरामच्या कपाळावर माती लागली होती आणि तू ती आपल्या पदरानं पुसलीस. एवढंच.  तो खाली पाहत गर्ता कोरत राहिला, पण त्याचा हात थांबला होता. मी खिडकीतून बाजूला झालो. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. कारण तू जाणतेस. ते ढिवर, आपण कुणबी, आणि मी गावचा गुरुजी. वर्गात सांगायचो की पाणी सगळं एकच आहे. सुखरामचा मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यात मी स्वतः खलाशांच्या भरतीचा फॉर्म मागवला, स्वतः भरला, तुलारामचा अंगठा घेतला, पोहता येतं असा दाखला लिहिला. त्याला मास्तर व्हायचं होतं, चंद्रकांता. त्यानं मला सांगितलं होतं, भूगोलाचा मास्तर व्हायचं आहे. मी त्याला साकोलीच्या स्टँडवर नेलं आणि म्हटलं, दोन दिवसांत निघ, आणि चंद्रकांताला पत्र लिहिणार नाहीस असं वचन दे. त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमी जा म्हणता?" मी जा म्हटलं. त्यानं माझ्या पायांना हात लावला. तू तेव्हा मावशीकडे लाखनीला होतीस. तुला मीच धाडलं होतं.

मागच्या दिवाळीला तू आलीस. पहिल्याच दिवशी पाळीवर जाऊन रेवताबाईजवळ बसलीस. काय बोललात कुणास ठाऊक, तुझी आई म्हणते तुम्ही दोघी नुसत्या शिंगाडे सोलत होतात. रात्री जेवताना तू मला विचारलंस, "बाबा, तो मले न सांगता काहून गेला?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, तेही असं, गावच्या बोलीत, लहानपणी विचारायचीस तसं. मी म्हटलं, मला काय माहीत बेटा, पोरांना बाहेरचं जग पाहायचं असतं. तू मान हलवलीस. त्याला तुझी किंमत नव्हती असं तू धरून चाललीस, मला ते समोर दिसत होतं, आणि मी ताटातला भात संपवला.

मी हे तुला सांगितलं नसतं. खोटं कशाला बोलू, हिंमत नव्हती. तुलारामला सांगायचं अजूनही राहिलंच आहे. उद्या तो येईल, टोपली दाराशी ठेवील आणि विचारील, आता कोणत्या बेटाकडे पाणी गेलं असेल. आणि मी सांगेन. मला दुसरं काही करता येत नाही.

पण मंगळवारी तुझं कार्ड आलं. सहा वर्षांत आलेली सात स्थळं तू एका शब्दात नाकारलीस, आईनं किती समजावलं, मी रागावलो, तू कारण दिलं नाहीस. आणि आता लाखनीच्या भोजराजबद्दल आईनं लिहिलं, तर तू उलट टपाली कार्ड पाठवलंस. त्यात एकच ओळ. "बाबा ठरवतील ते मला मान्य आहे." आई देवापाशी साखर ठेवून आली. मी ते कार्ड घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि तिथंच बसलो. बेटा, बाबांनी एकदा ठरवलं होतं. आता मी ठरवणार नाही. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, तुझ्या मनात असेल तर मी आनंदानं उभा राहीन. पण कुणाला तू नको होतीस म्हणून, कुणी न सांगता निघून गेलं म्हणून, तू होकार देत असशील, तर ते खरं नव्हतं. तो तुला सोडून गेला नाही. त्याला मी पाठवलं. हे कळल्यावर तू होकार दे, नकार दे, माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, जे वाटेल ते कर. लाखनीची मंडळी रविवारी, बावीस तारखेला येणार होती. त्यांना मी आज निरोप धाडला आहे की अजून मुलीशी बोलणं व्हायचं आहे. आईला कारण सांगितलेलं नाही. ती ओसरीवर बसून माझ्याकडे पाहते आहे.

तुझा अपराधी, तरीही तुझाच,
बाबा